ब्लॉग आणि पॉडकास्ट: ब्लॉगरवरच राहावं की वर्डप्रेसवर बिऱ्हाड हलवावं?

बारवप्रेमी (धागाकर्ता)

मराठवाड्यातल्या जुन्या बारवांवर मी आणि माझी मैत्रीण बरीच वर्षं ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या फुकट ब्लॉगसेवेवर, लिहितोय. फोटो, मोजमापं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी. आता त्या आठवणी त्यांच्याच आवाजात ऐकवायच्या आहेत, म्हणजे पॉडकास्ट आला. माझं मत असं की ब्लॉगर सोडावं, स्वतःचं डोमेन (वेबवरचा पत्ता) घ्यावं, वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकावं आणि लेख, ऑडिओ सगळं एका छपराखाली आणावं. मैत्रिणीला हे अजिबात पटलेलं नाही.

माझी कारणं: मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर दुव्यातली देवनागरी अक्षरं गाळतं आणि उरतं नुसतं 'ब्लॉग-पोस्ट_२३'. दुवा हाताने देता येतो, पण तोही रोमन अक्षरांतच. शिवाय गूगलचा भरवसा काय? रीडर २०१३ मध्ये बंद केला, गूगल प्लस २०१९ मध्ये, गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये. आणि ब्लॉगरवर ऑडिओ फाइल चढवायची सोयच नाही, मग पॉडकास्ट करणार कसा?

फुकटफौजदार

साफ असहमत. ब्लॉगर १९९९ चं आहे, गूगलकडे २००३ पासून. ते आज मरणार, उद्या मरणार हे मी कधीपासून ऐकतोय. दरम्यान ज्यांनी 'स्वतःचं घर' म्हणून वर्डप्रेस थाटलं, त्यातले किती आज लिहितायत ते बघा. अर्धा वेळ प्लगिन (वर्डप्रेसचे जोडभाग) अपडेट करण्यात, उरलेला वेळ अपडेटने काय मोडलं ते शोधण्यात. पहिल्या वर्षी होस्टिंग (सर्व्हरवरची भाड्याची जागा) स्वस्त, रिन्युअलला बिल बघून डोळे पांढरे.

आणि एक दुरुस्ती. ब्लॉगरवर ऑडिओ चढवता येत नाही हे खरं, पण सेटिंगमध्ये 'एन्क्लोजर लिंक' चालू केलीत की दुसरीकडे ठेवलेल्या एमपी३चा दुवा पोस्टला जोडता येतो आणि तो फीडमध्ये, म्हणजे ॲप्स वाचतात त्या नव्या पोस्टच्या यादीत, जातो. पॉडकास्ट म्हणजे मुळात तेवढंच: आरएसएस फीड आणि त्यात एका फाइलचा पत्ता.

सर्व्हरवाला

फौजदार, तेवढंच नाही हो. ॲपलच्या पॉडकास्ट यादीत यायला कव्हरचं चित्र लागतं, किमान १४०० बाय १४०० पिक्सेल. वर्गवारी लागते, लेखकाचं नाव लागतं. ब्लॉगरचं फीड यातलं काही आपणहून देत नाही. पूर्वी हे काम फीडबर्नर या गूगलच्या सेवेकडून करून घ्यायचे लोक. आज नव्याने कुणी त्या वाटेला जाऊ नये.

पण बारवप्रेमी, तुमच्या 'एका छपराखाली'लाही माझा विरोध आहे. लेख वर्डप्रेसवर ठेवा, ऑडिओ तिथे ठेवू नका. हिशेब करा. अर्ध्या तासाचा भाग १२८ केबीपीएसला (सेकंदाला किलोबिट) काढलात तर साधारण २९ एमबी होतो. ॲपल तुमची फाइल स्वतःकडे ठेवत नाही, फक्त फीड वाचतं. ऐकणाऱ्याचं ॲप फाइल उचलतं ती तुमच्या सर्व्हरवरून. हजार जणांनी एक भाग उतरवला की २९ जीबी, आणि नवीन भाग आला की बरेचसे एकदमच उतरवतात. शेअर्ड (अनेक साइट्सना वाटून दिलेल्या) होस्टिंगवरचं 'अनलिमिटेड' नेमकं अशा वेळी संपतं, आणि ऑडिओच्या पायी लेखांची साइटसुद्धा झोपते. म्हणून ऑडिओ पॉडकास्ट होस्टकडे द्यायचा, बझस्प्राउट, लिबसिन, ट्रान्झिस्टर, जो परवडेल तो, आणि वर्डप्रेसच्या लेखात फक्त प्लेयर चिकटवायचा.

जाता जाता: देवनागरी दुव्यांचा आनंद वर्डप्रेसवरही अर्धाच. तिथे दुव्याची मर्यादा २०० आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह सांकेतिक रूपात ९ जागा खातं. काना-मात्रा, हलन्त धरून २२ चिन्हांवर शीर्षक कापलं जातं. 'अंबाजोगाईच्या बारवेतलं कोरीवकाम' अर्ध्यातच तुटेल. म्हणजे दुवा हाताने द्यायचं काम तिथेही आहेच.

मुलुंडची स्नेहा

एवढा खटाटोप कशासाठी? स्पॉटिफायचं होस्टिंग फुकट आहे. फोनवरून रेकॉर्ड करा, चढवा, संपलं. आमच्या वाचनालयाचा पॉडकास्ट तिथेच चालतो आणि आमच्यात कुणीही तांत्रिक नाही. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, सर्व्हर कशाला सांभाळायचे?

सर्व्हरवाला

स्नेहाताई, तेच आधी अँकर या नावाने होतं. २०१९ मध्ये स्पॉटिफायने घेतलं, २०२३ मध्ये नाव बदललं, २०२४ मध्ये पुन्हा बदललं. फुकट आहे तोवर वापरा, पण तुमच्या फीडचा पत्ता त्यांच्या डोमेनवर आहे हे विसरू नका. दुसरीकडे जाताना जुन्या फीडवरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमचं आपोआप वळण) लावून घेतलं नाहीत तर सगळे श्रोते जुन्याच दारात उभे राहतील.

मुलुंडची स्नेहा

श्रोते दोनशे आहेत, त्यातले निम्मे सभासद. हलायची वेळ आलीच तर व्हॉट्सॲपवर नवीन दुवा टाकीन. :)

पेन्शनर

इथे सगळे 'गूगल बंद केलं तर' म्हणतायत. 'आपणच बंद पडलो तर' याचा विचार कुणी केलाय का?

माझ्या एका स्नेह्याचं संकेतस्थळ होतं, जुन्या नाण्यांवर. स्वतःचं डोमेन, स्वतःचं होस्टिंग, सगळं नीटनेटकं. ते गेले. मुलाला पासवर्ड माहीत नाही, बिल कुठल्या कार्डावर होतं ते माहीत नाही. मुदत संपली, डोमेन कुणीतरी उचललं. आज तो पत्ता टाकला की जुगाराची जाहिरात येते. त्यांनी हौसेने चालवलेला ब्लॉगस्पॉटवरचा (ब्लॉगरच्या फुकट पत्त्यावरचा) आंब्यांचा ब्लॉग मात्र अजून जसाच्या तसा आहे, एक पैसा न भरता. मराठी ब्लॉग भरात होते तेव्हाचे दुवे उघडून बघा. स्वतःच्या डोमेनवाले जास्त मेलेत.

जिवंतपणीही ही गोष्ट होते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅंडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या संमतीचे) नियम लागू झाले आणि परदेशी कंपन्यांचे आपोआप कापले जाणारे पैसे कितीतरी जणांचे अडकले. ज्याने ईमेल बघितला नाही, त्याची साइट गेली. तुमच्याकडे तर गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज असणार. ते पुन्हा मिळायचे नाहीत.

बारवप्रेमी

काका, हा मुद्दा बिनतोड आहे. पण गूगलचीही हमी कुठे आहे? दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायचं धोरण त्यांनी आणलंच ना २०२३ मध्ये?

पेन्शनर

आणलं. म्हणून गूगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये, खातं निष्क्रिय झालं तर कळवायला, मुलीचा पत्ता देऊन ठेवलाय, आणि ब्लॉगला ती दुसरी ॲडमिनही आहे. पाच मिनिटांचं काम.

फुकटफौजदार

पेन्शनर काकांना +१. वर्डप्रेसच्या स्वातंत्र्याबद्दलही फार गळा काढू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सहसंस्थापकाचं आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं भांडण पेटलं, आणि त्या होस्टच्या ग्राहकांना प्लगिनचे अपडेट मिळेनासे झाले. मालक तिथेही आहेच.

बारवप्रेमींना हवंय ते ब्लॉगरवरच होतं: डोमेन विकत घ्या, ब्लॉगरला जोडा. होस्टिंग शून्य रुपये, जुने ब्लॉगस्पॉटचे दुवे आपोआप नव्या पत्त्यावर वळतात. पुढे मन बदललं तर वर्डप्रेसवर न्या, पत्ता तोच. आणि डोमेनचे पैसे भरायचे राहिले तरी लेख ब्लॉगरवर शाबूत, डोमेन काढलं की जुना पत्ता पुन्हा चालू.

सर्व्हरवाला

हे चालेल, पण ऑडिओचं फीड ब्लॉगरच्या भरवशावर सोडू नका, एवढं ऐका. आणि मूळ डब्ल्यूएव्ही फाइल्स दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. शिवाय इंटरनेट आर्काइव्हवर एक प्रत. तिथे फुकट ठेवता येतं, आणि पेन्शनर काकांची काळजीही थोडी कमी होईल.

गोधडी

मीच ती मैत्रीण. इथे डोमेनवर एवढं रामायण झालं, पण रेकॉर्डिंग मी करते आणि माझी अडचण वेगळीच आहे. बारवेत खाली उतरून बोललं की आवाज इतका घुमतो की आजींचे शब्द कळत नाहीत. वर काठावर बसवलं तर वारा. संपादनही फोनवरच करावं लागतं, गावात लॅपटॉप उघडायची सोय नसते. प्लॅटफॉर्म तुम्ही ठरवा, मला फोनवरून फाइल चढली म्हणजे झालं.

सर्व्हरवाला

कॉलरचा माइक घ्या, त्यावर फरची टोपी, आणि आजींना देवळाच्या ओसरीत बसवा. बारवेतला घुमणारा आवाज वेगळा अर्धा मिनिट घेऊन सुरुवातीला लावा. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस मोनो पुरे, फाइल निम्मी होते आणि गावच्या नेटवर्कवरही चढते.