चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं का?

विद्युल्लता
चार्जिंग ८० टक्क्यांवर तोडायची सोय आता बऱ्याच फोनांत आहे. आयफोनमध्ये ती २०२३ साली १५ मालिकेसोबत आली. माझ्या मते ती चालूच ठेवावी. फोनच्या बॅटरीतल्या पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज ४.२ ते ४.४५ व्होल्टच्या घरात असतं. तिथे तो तासन्‌तास राहिला की इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे सेलमधल्या द्रवाचं, विघटन वाढतं, ग्राफाइटच्या ऋण टोकावर साचणारा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. रात्री अकराला लावलेला फोन साडेबाराला भरतो आणि सकाळी सहापर्यंत तसाच तुडुंब राहतो. खरं नुकसान या साडेपाच तासांत होतं.

रोखठोक
रसायनशास्त्र मान्य, निष्कर्ष नाही. ५,००० एमएएचच्या बॅटरीतले १,००० पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवायचे, ते कशासाठी? तर दोन-तीन वर्षांनी तेवढेच कमी होऊ नयेत म्हणून! उद्याची तूट आजच ओढवून घेतली की. शिवाय आयफोन १५ पासून अ‍ॅपल १,००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता सांगते. १४ पर्यंत ५०० सायकल होत्या. आणि सायकल म्हणजे प्लग लावणं नव्हे. आज ५०, उद्या ५० टक्के वापरलेत तर दोन्ही मिळून एकच सायकल.

वऱ्हाडी_वायर
तुम्ही दोघंही टक्क्यांत अडकलात. बॅटरीला मारते ती उष्णता. ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा असं अ‍ॅपल सांगते आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्यात पारा ४५ ला टेकतो. गाडीच्या डॅशबोर्डवर ऊन, त्यात नकाशा चालू, त्यात फास्ट चार्जर: यापेक्षा वाईट काही नाही. चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढा. फोन गादीवर किंवा उशीखाली नको, फरशीवर किंवा टेबलावर ठेवा. हॉटस्पॉट आणि गेम तेवढा वेळ बंद. वायरलेस पॅडवर फोन जरा सरकला तरी पॅडमधलं आणि फोनमधलं तारेचं वेटोळं (कॉइल) जुळत नाही आणि वाया जाणाऱ्या विजेने पाठ तापते. मात्र तापलेला फोन फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका, आत दव धरतं.

विद्युल्लता
उष्णतेचं शंभर टक्के पटलं. पण भरलेला सेल आणि उष्णता एकत्र आली की झीज आणखी वेगाने होते, म्हणून तर मर्यादा हवी. रात्रीच लावायचा असेल तर उठायच्या वेळेला भरेल असं अ‍ॅडॅप्टिव्ह चार्जिंग तरी चालू करा.

रोखठोक
अ‍ॅडॅप्टिव्हला माझी ना नाही. पण महिनोन्‌महिने ८० वरच थांबलात तर टक्के मोजणाऱ्या सर्किटचा अंदाज चुकू लागतो आणि १५ टक्के दिसत असताना फोन पटकन बंद पडतो. मधूनमधून एकदा १०० पर्यंत जाऊ द्या. दर महिन्याला शून्यावर आणा हा सल्ला मात्र निकेल-कॅडमियमच्या काळातला, तो सोडा.

दिवसाअखेर ज्याच्या फोनात ४० टक्के उरतात त्याने खुशाल मर्यादा लावावी, त्याचं काही जात नाही. पण डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा फोन दुपारी बंद पडला तर ऑर्डर जाते. त्याला मी १०० च भर म्हणेन.

विद्युल्लता
त्याला मीही १०० च सांगेन. फक्त ते घरून निघण्याआधी, सावलीत भरलेले असावेत. हँडलवर उन्हात अडकवलेल्या फोनला तिथेच चार्जर जोडून नव्हे.