मदत हवी आहे : संत्र्याच्या तेलाचा वास बिघडतो

नागपुरी संत्रा सालीचं, वाफेवर काढलेलं तेल; ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन (सालीच्या तेलातला मुख्य घटक). ग्रीस काढायच्या क्लीनरसाठी वापरायचंय. अर्ध्या भरलेल्या डब्यात, मे महिन्याच्या उन्हात, ते टर्पेंटाइनसारखं उग्र होतं. हवेने ऑक्सिडेशन होतं हे उघड आहे. पण नुसता वासाचा प्रश्न नाही, त्यात बनणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला अ‍ॅलर्जी करतात. (थर्माकोलच्या झाकणाचा सल्ला नको, लिमोनीन थर्माकोल विरघळवतं.) अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्या तोंडापर्यंत भरून थंड जागी ठेवणं चालू आहे.

विचारायचंय ते असं : बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं अँटिऑक्सिडंट) ०.१ टक्का ऊर्ध्वपातनानंतर लगेच टाकावं, की सोडियम सल्फेटने पाणी काढून गाळल्यावर? आणि पॉलिसॉर्बेट ८० (तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर) वापरून १० टक्के तेलाचं पाण्यात केलेलं इमल्शन रात्रभरात वर तेल सोडतं. सोबत दुसरा इमल्सिफायर कोणता, किती प्रमाणात?