दोन दिवस वापरून हेडसेटला दहापैकी नऊ?

रातकिडा:
काल निवांतने नव्या वायरलेस गेमिंग हेडसेटबद्दल लिहिलं. दोन दिवसांचा वापर आणि निकाल काय, तर ‘कॉम्प्युटर आणि कन्सोल दोन्हीला एकच पुरतो, वायरची कटकट कायमची गेली, १० पैकी ९.’ खाली चारपाच जण ‘घेतोच आता’ म्हणून मोकळे. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून हा धागा.

माइकबद्दल त्यात दोनच शब्द आहेत, ‘माइक ठीक’. कोणी ऐकून ठरवलं? आपला माइक कसा वाजतो हे आपल्याला सोडून सगळ्यांना कळतं. माझंच सांगतो. गेममध्ये समोरच्या शत्रूबद्दल मी टीमला ओरडून सांगितलं, ‘त्याची हेल्थ (उरलेला जीव) साठ आहे!’ मित्र बिनधास्त आत घुसला आणि मेला. त्याला ‘आठ’ ऐकू आलं होतं. दोघांची कडाक्याची भांडणं झाली. मग मी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला, तर प्रत्येक ‘स’ गिळलेला. हेडसेट ब्लूटूथवर होता. माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या मोडमध्ये जातो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. आणि ‘स’चा जीव असतो नेमका तिथेच, वरच्या पट्टीत. वर गेमचा आवाजही मोनो होतो, पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून, काही कळत नाही.

दुसरं, ‘कन्सोल’ म्हणजे कुठला? प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स, दोघेही ब्लूटूथ हेडसेट थेट घेत नाहीत. प्लेस्टेशनला चालणारा डोंगल (हेडसेटसोबत येणारा, यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) बहुतेक वेळा कॉम्प्युटरला चालतो, पण एक्सबॉक्सला लावला तर ढिम्म. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलला ब्लूटूथ ऑडिओ सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने मिळाला, तोही माइकशिवाय. हे न सांगता ‘दोन्हीला एकच’ लिहिलंत तर वाचणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

निवांत:
परीक्षण माझंच आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. दोन दिवस म्हणजे जवळपास वीस तासांचा खेळ, आणि ‘दोन दिवस’ हे मी पहिल्याच ओळीत लिहिलंय, लपवलेलं नाही. ब्लूटूथ मी लावलंच नाही, सगळा वेळ डोंगलवर होतो. तुमचा साठ-आठचा किस्सा ब्लूटूथचा, आणि त्याचं खापर माझ्या परीक्षणावर? एक्सबॉक्सचं मात्र लिहायला हवं होतं. माझ्याकडे प्लेस्टेशन आहे, त्यामुळे डोक्यातच आलं नाही. तेवढं मान्य.

तारवाला:
दोघंही मूळ मुद्दा सोडताय. वायर लावा, विषय संपला. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथवर आवाज १५० ते २०० मिलिसेकंद मागे राहतो, म्हणजे नऊ ते बारा फ्रेम. गोळी लागल्यावर आवाज येणार! डोंगल बरा, पण वायरला ना चार्जिंग, ना लॅग, ना अपडेट. माझा वायरवाला सहा वर्षं झाली चालतोय. कुशन दोनदा बदलले, बाकी काही नाही.

सायली_के:
तारवाला, तुम्ही टेबलापाशी बसून खेळता हे तुमच्या प्रत्येक वाक्यात दिसतं. आमचा टीव्ही सोफ्यापासून तीन-साडेतीन मीटरवर. मुलगी झोपली की रात्री दहानंतर माझा खेळ सुरू. आधी कंट्रोलरला वायरवाला हेडसेट लावायचे. एका रात्री ती उठून रडायला लागली, मी तशीच धावले, कंट्रोलर फरशीवर आपटला आणि जॅक आतून वाकला. नंतर डाव्या कानात फक्त खरखर. तेव्हापासून डोंगलवाला वायरलेस आहे आणि तो मी सोडणार नाही. ‘वायर लावा, विषय संपला’ हे ऐकलं की डोकं फिरतं. सगळ्यांची घरं तुमच्यासारखी नसतात हो.

आणि वजनाबद्दल कोणीच कसं बोलत नाही? मला चष्मा आहे. ३०० ग्रॅमच्या वरचा हेडसेट दीड तासाने कानामागे चष्म्याच्या काड्या रुतवतो. परीक्षणात ‘आरामदायी’ एवढंच. कोणासाठी आरामदायी?

जुना_मिस्त्री:
माइक, लॅग, वजन सगळं ठीक, पण बॅटरीबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही! वायरलेस हेडसेटचं आयुष्य म्हणजे त्याच्या बॅटरीचं आयुष्य. लिथियम सेल तीनशे-पाचशे चार्जिंगनंतर थकायला लागतो. माझा दोन वर्षांत वीस तासांवरून सहावर आला. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ‘बॅटरी बदलता येत नाही, नवीन मॉडेल बघा.’

मग मीच उघडला. कुशन ओढून काढलं, खाली चार स्क्रू. पाचवा सापडेना, तो फोमच्या पट्टीखाली दडवलेला. बॅटरी डिंकाने चिकटवलेली आणि वायरी थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या, कनेक्टर नाहीच. दोन रुपयांचा कनेक्टर वाचवायला चांगला हेडसेट कचऱ्यात! सोल्डर करून नवा सेल बसवला, पण झाकणाचा एक क्लिप तुटला, आता चिकटपट्टी लावून वापरतोय. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत.

युरोपियन युनियनने २०२३ मध्येच नियम केलाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. सगळीकडे व्हायला हवं हे.

डेसिबल:
मिस्त्री, लोकांना लिथियम सेल उघडायला सांगू नका. स्क्रूड्रायव्हर घसरून सेलला भोक पडलं तर आग लागते, आणि ती वस्तू कानाला लावायची आहे. नियम केला म्हणून सगळ्यांचे हात मिस्त्रीचे होत नाहीत.

जुना_मिस्त्री:
मी कोणाला घरी सोल्डर करा म्हटलं? नीट वाचा. कंपनीने झाकण उघडून सेल बदलता येईल असा हेडसेट बनवावा, एवढंच माझं म्हणणं. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसबरोबर दोन बॅटऱ्या येतात, एक हेडसेटमध्ये आणि दुसरी टेबलावरच्या बेसमध्ये चार्ज होत असते. बदलायला काही सेकंद लागतात. तिथे कोणाच्या कानाला आग लागली? जमतं, पण करायचं नसतं.

डेसिबल:
तो वरच्या श्रेणीतला हेडसेट. साध्यात बदलता येणारी बॅटरी घातली की जाडी वाढते, वजन वाढतं, आणि मग सायलीताईंच्या काड्या अजून रुततात. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

सायली_के:
माझ्या चष्म्याची ढाल करू नका हो. दहा-पंधरा ग्रॅम वाढून हेडसेट पाच वर्षं टिकणार असेल तर मी घेईन. मिस्त्रींचं बरोबर आहे.

तारवाला:
बघा, शेवटी बॅटरीशीच येऊन थांबलात. वायरवाल्यात हा प्रश्नच नाही.

रातकिडा:
तारवाला, सायलीताईंच्या जॅकचं काय झालं ते परत वाचा. आणि मंडळी, बॅटरीवर वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. मिस्त्रींच्या मुद्द्यातून निघणारी एक गोष्ट मात्र परीक्षणात हवीच. बॅटरी मेल्यावर ३.५ मिलिमीटरच्या वायरने हेडसेट चालतो का? काही चालतात, काहींना ते भोकच नसतं. निवांत, तुमच्यात आहे?

निवांत:
नाही. फक्त चार्जिंगचं पोर्ट आहे.

काल रात्री डोंगलवर माइक रेकॉर्ड केला. ‘साठ’ स्वच्छ ‘साठ’ येतो, तेव्हा त्या बाबतीत मी चुकलेलो नव्हतो. पण मध्येच कर्रकर्र, दोन-तीन शब्द गायब. डोंगल कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये होता, शेजारीच बाहेरची हार्ड डिस्क. खेळताना मला काहीच जाणवलं नव्हतं, कारण तुटत होता तो माझा आवाज. मित्रांना विचारलं तर म्हणाले, ‘दोन दिवस तुटतोयस, आम्हाला वाटलं तुझं नेट खराब आहे.’

डेसिबल:
तेच कारण. यूएसबी ३ चा गोंगाट, डोंगल ज्यावर चालतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पसरतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक निबंध काढला होता. डोंगल एक्स्टेन्शन वायरने पुढे टेबलावर आणा.

निवांत:
आणला. कर्रकर्र थांबली. परीक्षणात एक्सबॉक्स, डोंगलची जागा, वजन आणि ३.५ चं भोक नसणं, चारही टाकतो. नऊचे सात करतोय. रातकिडा, सहा म्हणू नका, आवाज खरोखर चांगला आहे.

रातकिडा:
सात चालतील. महिन्याने तोच माइक परत रेकॉर्ड करून टाका.