विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं नूतनीकरण + नवी विंग : सल्ला हवाय

शेल्फमार्क :
नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो आणि 'तुम्हाला मुलांचं कळतं' असं म्हणून मला इमारत समितीवर बसवलंय. इमारत जुनी, दुमजली. वर उंच खिडक्यांचा वाचनकक्ष होता, पण खालचे रॅक भरले तसे पुस्तकांनी वरचा अर्धा हॉल गिळला. मुलं जिन्यात बसून अभ्यास करतात. मागच्या मोकळ्या जागेत एक विंग बांधायला मंजुरी मिळालीय.
बजेट आधीच सांगतो : एकमजली विंग आणि जुन्या इमारतीची जुजबी दुरुस्ती, बस्स. त्यापुढे एक खिडकीसुद्धा नाही. ग्रंथालय बंद ठेवता येणार नाही. मुलांची मागणी : रात्रभर उघडी खोली, प्लग, ग्रुपने बोलत बसायला जागा. विंगमध्ये नेमकं काय घालावं? अनुभवी लोकांनी सांगा.

आरेखन :
एकमजली कशाला, पायाच चार मजल्यांचा घाला. आणि शिकागो विद्यापीठाचं मॅन्सुएटो ग्रंथालय बघा, २०११ चं आहे. वर काचेचा घुमट, खाली जमिनीत ३५ लाख ग्रंथ मावतील असं कोठार, क्रेन पेटी काढून आणते. वर फक्त वाचक. ही खरी दृष्टी!

शेल्फमार्क :
सर, एकमजली. 🙏

मी_सगळं_ऑनलाइन :
२०२० नंतर पुस्तकं कोण उघडतं? सगळी स्कॅन करा, रॅक भंगारात, पूर्ण हॉल मोकळा. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

जुना_कॅटलॉग :
धागा बंद करायची घाई नको. ई-जर्नलची वर्गणी थांबली की पुष्कळदा मागचे अंकही हातातून जातात, करारात कायमचा प्रवेश लिहून घेतलेला नसेल तर काहीच उरत नाही. रॅकवरचा अंक वर्गणी बंद झाली म्हणून उडून जात नाही. आणि स्कॅन करायला कॉपीराइटवाल्याची परवानगी कोण आणणार, तुम्ही?
शेल्फमार्क, ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ सालीच पाचवा सिद्धांत लिहून ठेवलाय, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. विंग आज भरेल एवढीच बांधलीत तर पुढच्या समितीला हाच धागा काढावा लागेल. मुलं नव्या विंगमध्ये, पुस्तकं आहेत तिथे. पुस्तकं हलवायच्या फंदात पडू नका, आमच्याकडे हलवली तेव्हा खोक्यांवर नुसते विषय लिहिले, वर्गांक, म्हणजे रॅकवरची जागा सांगणारे पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक, लिहिलेच नाहीत, मग परत लावताना अख्खं सत्र गेलं.

रातपाखरू :
विद्यार्थी बोलतोय. प्लग. प्लग. प्लग. बाकी काहीही करा.

वायरमन :
प्लग म्हणणं सोपं असतं भाऊ. २०० लॅपटॉप गुणिले ६५ वॅट म्हणजे १३ किलोवॅट, त्यात एसी आणि दिवे धरलेलेच नाहीत. जुन्या वायरिंगवर एक्स्टेंशन बोर्ड लटकवले तर पहिल्याच परीक्षेत एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडणार. आधी पॅनल आणि मुख्य केबल बघा. जमिनीतले फ्लोअर बॉक्स घेऊ नका, झाकणं तुटतात, कचरा भरतो, पुसताना पाणी जातं. टेबलाच्या मध्ये ट्रंकिंग, म्हणजे वायरी आणि प्लगची बंद पट्टी, तिला वीज भिंतीतून नाहीतर कॉलममधून. म्हणजे टेबलं ओळीने लागतील, वेडीवाकडी नाही, पण ते चालतं. वायफायचंही तेच, अॅक्सेस पॉइंट चौरस फुटावर मोजू नका, डोक्यांवर मोजा, एका पॉइंटवर किती जण येणार ते. लोखंडी रॅक सिग्नल खातात ते वेगळंच.

रातपाखरू :
वायरमनदादांना दंडवत.

कॉलमबीम :
स्ट्रक्चरवाला आहे, त्यामुळे कंटाळवाणं लिहितो. वाचनकक्षाचा स्लॅब ढोबळमानाने चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भाराला धरतात, म्हणजे ३०० किलो. पुस्तकांच्या रॅकसाठी ७ च्या आसपास लागतात, आणि सरकते कॉम्पॅक्टर (चाक फिरवून रुळांवर एकमेकांना चिकटवता येणारे रॅक) बसवले तर १० ते १२, उंची वाढली तर त्याहून जास्त. आता तुम्हीच म्हणताय की वर वाचनकक्ष होता आणि तिथे अर्ध्या भागात रॅक आलेत. म्हणजे ३ च्या स्लॅबवर कदाचित ७ उभे आहेत. नूतनीकरण राहू द्या बाजूला, आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा आणि तोवर वरचे रॅक भिंतीकडे, तुळयांवर घ्या, मध्यावर नको.
माझा सल्ला : वरची पुस्तकं खाली आणा, खालच्या मजल्यावर कॉम्पॅक्टर लावून जागा वाचवा, मुलांसाठी नवी विंग.

आरेखन :
कॉम्पॅक्टर म्हणजे गोदाम. ग्रंथालयाला चेहरा हवा. काच, एट्रियम (छतापर्यंत मोकळा मधला चौक), मधोमध जिना, मुलं फोटो काढतील.

कोपऱ्यातली_खुर्ची :
एट्रियमचा अनुभव घेतलाय, नको. खाली कोणी शिंकलं तरी वरच्या मजल्यावर कळतं, एट्रियम म्हणजे आवाजाचं धुरांडं. आमच्याकडच्या ग्रुप रूम्सही काचेच्या, छान दिसतात, पण पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलंय, त्यामुळे शेजारच्यांचं प्रेझेंटेशन मला पाठ झालंय. पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्या आणि दाराखालची फट बंद करा. आणि बोलणाऱ्यांना आत घ्यायच्या आधी शांत बसणाऱ्यांचा कोपरा राखून ठेवा, नाहीतर 'मॉडर्न' म्हणजे सगळीकडे बीनबॅग असा समज होतो. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात बीनबॅगवर बसून दाखवा कोणी.

काचेचं_घर_नको :
काचेबद्दल. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने उघड्या पुस्तकाच्या आकाराचे चार काचेचे मनोरे बांधले आणि त्यात पुस्तकं ठेवली, वाचक खाली. मग ऊन लागू नये म्हणून आतून लाकडी झडपा लावाव्या लागल्या. केंब्रिजच्या इतिहास विभागाचं १९६८ चं काचेच्या छताचं ग्रंथालय बघा, आर्किटेक्टमंडळी डोक्यावर घेतात, आत बसणारे उन्हाळ्यात उकाड्याची आणि पावसात गळतीची तक्रार करायचे. पश्चिमेला काच लावलीत तर पडदे कायम ओढलेले राहतील आणि दिवसा दिवे लावाल.

आरेखन :
दोन उदाहरणांवरून काच वाईट? डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाचं ग्रंथालय बघा, उताराचं छप्पर, त्यावर गवत, मुलं वर जाऊन बसतात.

काचेचं_घर_नको :
म्हणजे छपरावर गवत, काच नव्हे. माझंच म्हणणं सांगितलंत, आभार.

स्कॅनरवाली :
आमच्याकडे आरएफआयडी (पुस्तकातला टॅग रेडिओलहरींनी वाचणारी यंत्रणा) बसवलं, मस्त आहे, मुलं स्वतःच पुस्तकं इश्यू करतात, काउंटरची रांग गेली. ग्रंथालयाचे टॅग साधारण १३.५६ मेगाहर्ट्झचे असतात, घेताना डेटा आयएसओ २८५६० या ग्रंथालयाच्या टॅगसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिहून मागा म्हणजे पुढे दुसऱ्या कंपनीचं यंत्रही वाचू शकेल. तुम्ही हेच करा, विंग वगैरे नंतर.

शेल्फमार्क :
ताई, उपयोगी आहे, नोंद केली, पण बसायला जागा नाही हा प्रश्न टॅगने कसा सुटेल?

स्कॅनरवाली :
काउंटर लहान होतो की! आमचा निम्म्याहून लहान झाला, तिथे आता टेबलं आहेत.

हॉस्टेल_ते_लायब्ररी :
रात्रभर उघडी खोली म्हणताय आणि सगळे काचेवर भांडताय. स्वच्छतागृह कुठे आहे? रात्री पोचायचा रस्ता उजेडाचा आहे का? आमच्याकडे रात्रीची खोली थाटात उघडली, स्वच्छतागृह मुख्य इमारतीत, आणि मुख्य इमारतीला कुलूप. मुली आठवड्याभरात यायच्या बंद झाल्या आणि मग समिती म्हणाली मागणीच नाही. रात्रीच्या खोलीला स्वतंत्र दार हवं, पहारेकऱ्याच्या नजरेत, म्हणजे बाकीचं ग्रंथालय कुलूपबंद ठेवता येतं. रॅम्प १ ला १२ च्या उताराचा, आणि कुबड्या नाहीतर व्हीलचेअर घेऊन येणाऱ्याला मागच्या दाराने बोलवू नका.
बॅगा बाहेर ठेवायचा नियम असेल तर लॉकर द्या, लॅपटॉप उघड्या फळीवर कोण ठेवेल.

जुना_कॅटलॉग :
हिला शंभर टक्के अनुमोदन. आणि रात्री एसी बंद, सकाळी चालू, हे वाचकांना चालतं, पुस्तकांना चालत नाही. आर्द्रता ६५ टक्क्यांवर रेंगाळली की बुरशी धरते. वाचक आणि जुनी पुस्तकं एकाच हवेत ठेवू नका.

मी_सगळं_ऑनलाइन :
बघा, पुस्तकांचाच त्रास. न वाचली जाणारी तरी रद्द करा.

जुना_कॅटलॉग :
इश्यूची नोंद नाही म्हणजे वाचलं नाही असं नसतं. कोश, जुने प्रबंध लोक तिथेच उघडून ठेवून जातात. टेबलावर राहिलेली पुस्तकं एक सत्रभर मोजा, मग रद्दीचं बोला. एकाच आवृत्तीच्या जादा प्रती काढा, त्याला माझी ना नाही.

मी_सगळं_ऑनलाइन :
शेवटी काढायचीच ना. मग मी काय वेगळं म्हणत होतो.

नुसता_वाचक :
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण कोणी प्लगबद्दल बोललंय का? ते फार महत्त्वाचं आहे. आणि पायाच चार मजल्यांचा घाला.

शेल्फमार्क :
सगळ्यांचे आभार. समितीची बैठक झाली. मी तुम्ही सांगितलंत त्याच्या बरोबर उलट मांडलं आणि ते मान्य झालं. पुस्तकं नव्या विंगमध्ये, मुलं जुन्या इमारतीत.
कारण कॉलमबीम यांचेच आकडे. एकमजली विंगचा तळ थेट जमिनीवर, तिथे १२ किलोन्यूटनचा कॉम्पॅक्टर बिनधास्त बसेल, स्लॅबची काळजी नाही. खिडक्या जेमतेम, काच नाही, हवा दिवसरात्र एकसारखी. वर्गांक घातलेली खोकी आधी तिकडे जातील, मगच जुना हॉल रिकामा होईल, त्यामुळे ग्रंथालय बंद करावं लागत नाही. रोज लागणारी पाठ्यपुस्तकं तेवढी खाली, काउंटरजवळ. वरचा हॉल माणसांसाठीच बांधलेला होता, खिडक्या उत्तरेच्या आहेत, ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) टेबलावर आणायला दिवे कमी लागतील. खालच्या मजल्याला रस्त्याकडे दार आहेच, तिथे रात्रीची खोली, स्वच्छतागृह शेजारीच. ग्रुप रूम्स तीनच होतील, पण पार्टिशन स्लॅबपर्यंत. दुरुस्तीचा जवळजवळ सगळा पैसा वायरिंगला जातोय.

आरेखन :
म्हणजे नव्या पैशातून गोदाम बांधताय आणि मुलांना जुनी इमारत. उद्घाटनाला पाहुण्यांना काय दाखवणार, कॉम्पॅक्टरचं चाक?

जुना_कॅटलॉग :
मला पटलं नाही. पुस्तकं आणि वाचक लांब गेले की रॅकसमोर उभं राहून चाळणं संपतं. रंगनाथनांचा चौथा सिद्धांतही आहे, वाचकाचा वेळ वाचवा.

शेल्फमार्क :
सर, विंग उघडीच राहणार आहे, बंद कोठार नाही. पण मुद्दा खरा आहे, चालणं वाढेल.

कॉलमबीम :
माझ्या आकड्यांवरून माझ्याच विरुद्ध निर्णय, असो. दोन गोष्टी. वरच्या स्लॅबचं ऑडिट तरीही करा, रॅक हटले म्हणून आधी पडलेल्या भेगा बुजत नाहीत. आणि नवी विंग जुन्या भिंतीला घट्ट जोडू नका, नवा पाया थोडा बसतोच, एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे दोन्हींच्या मध्ये मुद्दाम सोडलेली फट, ठेवा. गळतं ते नेमकं त्या जॉइंटमधून. तिथे छपराला फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी) नीट करून घ्या आणि खाली रॅक लावू नका.

शेल्फमार्क :
जॉइंटच्या खाली झेरॉक्स मशीन येतंय नकाशात. बदलून घेतो.

वायरमन :
झेरॉक्स?? पाण्याखाली?? आत्ताच्या आत्ता बदला.