छज्ज्याच्या बीममधला पीळ (टॉर्शन) मॉडिफायर लावून घालवायचा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. डिझाइनच्या कामात नवीन आहे, वर्षही झालेलं नाही. एका बीमवर अडलोय. (मॉडिफायर म्हणजे सॉफ्टवेअरमधला गुणक, त्याने बीमचा पिळाला असलेला ताठपणा कमी धरता येतो.)

बंगल्याच्या दारावर १.२ मीटर बाहेर आलेला छज्जा आहे. त्याचा बीम २३० × ४५० मिमी, गाळा ४ मीटर, काँक्रीट एम२५, सळई एफई५००. बीमवर विटांची भिंत. आत डबल हाइटचा हॉल, म्हणजे मागे स्लॅबच नाही.

हाताने केलेला हिशेब: छज्ज्याचा फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला) भार ७.५ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर. बीमच्या मध्यापासून धरला तर पीळ दर मीटरला ६.४, कॉलमपाशी १२.९ किलोन्यूटन-मीटर. शिअर (कातरबल) ६० किलोन्यूटन. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे पिळाची १.६ पट भागिले रुंदी, म्हणजे आणखी ९०. खऱ्या शिअरपेक्षा पिळाचाच वाटा मोठा! एकूण १५०, ताण १.५९ न्यूटन प्रति चौ. मिमी. एम२५ची मर्यादा ३.१, सेक्शन पास. ८ मिमीच्या रिंगा साधारण १४० मिमी अंतरावर येतात.

आमचे सर म्हणाले, "टॉर्शनचा मॉडिफायर ०.०१ कर, सगळे तेच करतात." केला. पीळ गायब, रिंगा २०० वर. पण मॉडेलमध्ये छज्ज्याचं टोक आधीपेक्षा बरंच खाली गेलं, तिथे शंकेची पाल चुकचुकली. हे चालतं का? आणि सरांना कसं सांगू?

प्रतिसाद १
पाल बरोबर चुकचुकली. सर चुकीचे नाहीत, जागा चुकीची आहे. दुय्यम बीम मुख्य बीमला बाजूने येऊन मिळतो, तिथे मुख्य बीम थोडा फिरला की भार दुसऱ्या वाटेने जातो. अशा ठिकाणी आयएस ४५६चं कलम ४१.१ पीळ सोडून द्यायला परवानगी देतं. तुझ्या छज्ज्याला दुसरी वाटच नाही. बीमने पीळ घेतला नाही तर छज्जा खाली येणार. मॉडिफायर १ ठेव.

२०० तसंही बसत नाही. रिंगेची रुंदी अधिक उंची, भागिले चार, ही मर्यादा तुझ्याकडे १४१ च्या आसपास येते. १२५ दे. रिंग बंद हवी, हूक १३५ अंशांचे. पिळाचा समतुल्य मोमेंट २२.४ किलोन्यूटन-मीटर येतो, तो वाकण्याच्या मोमेंटमध्ये मिळवूनच वरच्या सळया काढ. बाजूच्या सळया बीमची खोली ४५० मिमीच्या वर गेल्यावर सक्तीच्या होतात, मी मात्र ४५० लाही दोन्ही बाजूंना एकेक १२ मिमीची टाकतो. आणि तो १२.९ शेवटी कॉलममध्येच उतरणार, कॉलम तपासलास का?

धागाकर्ता
कॉलम तपासलाच नव्हता! आज बसतो. सरांना काही न बोलता दोन्ही डिफ्लेक्शनची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. दोन मिनिटं बघून म्हणाले, "१२५ कर." आता फिटर ९० अंशांच्या हुकावर अडून बसलाय, म्हणतो १३५ चे वळवायला वेळ जातो. त्याला कुणी कसं पटवलंय?