मदत हवी आहे: वस्तीत मन मोकळं करायचं केंद्र चालू केलंय, बायका दुसऱ्यांदा येत नाहीत

पुण्यात पर्वती पायथ्याजवळच्या एका वस्तीत आम्ही चौघीजणी दर गुरुवारी ४ ते ६ समाजमंदिरात बसतो. बचत गटातल्या तीन मावशी आणि मी, मी समुपदेशनाचं शिकलेय, मावशींना ऐकून कसं घ्यायचं ते शिकवलंय. कल्पना झिम्बाब्वेतल्या आज्यांच्या बाकड्यावरून घेतली, तिकडे २००६ पासून साध्या आज्या बाकावर बसून लोकांचं ऐकतात. सात महिने झाले, एकही गुरुवार चुकवला नाही, पावसातसुद्धा.

बायका एकदा येतात, भाजीची पिशवी मांडीवरच ठेवून "डोकं जड होतं, झोप नाही" एवढं सांगतात, रडतात, आणि परत दिसत नाहीत. "मानसिक आरोग्य" हा बोर्ड काढून "गप्पांचा कट्टा" लिहिलं, थोडा फरक पडला. नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म आधी भरून घ्यायचो तो शेवटी ठेवला. फोन करून बघितले, पण फोन नवऱ्याकडे असतो त्यामुळे ते बंद केलं. घरी जाणंही नको, शेजारी विचारतात.

जास्त त्रास दिसला तर ससून रुग्णालयात घेऊन जातो, १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा (टेली-मानस) नंबर सगळ्यांना देतो, त्यामुळे ते सुचवू नका प्लीज. पैसे नाहीत, जागा बदलता येणार नाही, वार-वेळ बदलू शकतो.

हे काम उभं राहणार याची मला खात्री आहे, सोडायचं नाहीये. ज्यांनी वस्तीत असं काम केलंय त्यांनी सांगा, गुप्तता न मोडता बाईला दुसऱ्यांदा कसं बोलावता?