टीबीच्या गोळ्या चालू असताना आवळ्याचा अर्क द्यावा का?

सायली_कराड: सासऱ्यांना फुफ्फुसाचा टीबी निघालाय, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू आहेत. रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं ते) आधी ३४ होतं, आता ७८ आलंय. शेजारच्या काकूंनी आवळ्याच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात. डबीवर ‘लिव्हरचे रक्षण, संशोधनाने सिद्ध’ असं छापलंय. अण्णा तर आजपासूनच घेतो म्हणतायत. द्यायच्या का?

खलबत्ता: ताई, त्या संशोधनात बहुतेक वेळा उंदीर असतात. एम.फार्म.ला मी हेच करायचो. फळं सावलीत वाळवायची, भरडायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून आटवायची. शेवटी भांड्याच्या बुडाला काळपट चिकट राब उरते, तो अर्क. उंदराला किलोमागे २००-४०० मिलिग्रॅम, नळीने थेट पोटात. काही दिवस अर्क पाजून झाला की मग पॅरासिटामॉलचा जबर डोस. त्यातून तयार होणारं विष निकामी करता करता यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं, पेशी मरतात, एसजीपीटी भडकतं. अर्क प्यालेल्यांचं जरा कमी भडकतं. झाला पेपर!

आता अण्णांचं बघा. संरक्षण आधी आणि विष नंतर, असा सोयीचा क्रम तिथे नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, आणि ती रोज पोटात जातायत. माणसाला पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर दवाखान्यात अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात, आवळा नाही.

७८ वर सहसा गोळ्या थांबवत नाहीत, लक्ष ठेवतात. लक्षणं असतील तर एसजीपीटी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट, नसतील तर पाचपट झालं की थांबवतात, तेही डॉक्टरच. मात्र उलट्या, अन्नावरची वासना जाणं, गडद लघवी, पिवळे डोळे यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

नदीकाठ: झाडपाला म्हणजे निर्धोक असंही नाही. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा.

सायली_कराड: सोमवारी डबी घेऊनच डॉक्टरांकडे जाते. आवळ्याचं लोणचं चालेल ना? त्याशिवाय अण्णांना घास उतरत नाही.

खलबत्ता: खुशाल वाढा. अण्णा ‘घेतात’ का, ते लिहिलं नाहीत तुम्ही.

सायली_कराड: रविवारी, थोडीशी.

खलबत्ता: ती आजपासून बंद. डॉक्टरांनाही सांगा, अण्णा स्वतःहून सांगणार नाहीत.